उपासाच्या दिवशी खाल्लेली नेवरी

माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून जे परीक्षक आले होते, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो असा. "बाई, तुम्ही लिहिलंय की बाईची शिक्षा संपली की नाही हे तुरुंगाच्या कागदावरून कळत नाही, तिच्या हातचं कोण खातं यावरून कळतं. हा विचार तुम्हांला कुठल्या ग्रंथात सापडला?"

मी म्हटलं, "ग्रंथात नाही सर. उपासात सापडला."

मागच्या रांगेत आमचे यजमान बसले होते, ते खोकले. घाबरले की ते नेहमी खोकतात. माझ्या मार्गदर्शक मॅडम मान खाली घालून हसू दाबत होत्या. परीक्षक म्हणाले, "जरा विस्ताराने सांगा." आता विस्ताराने सांग असं आयुष्यात कुणालाही मला दोनदा म्हणावं लागलेलं नाही. पण तिथं समोर घड्याळ होतं, म्हणून आवरतं घेतलं. इथं घड्याळ नाही. सगळं सांगते.

मी पेडण्याची, दिली डिचोलीत. लग्न झालं तेव्हा सातवी पास होते. पुढचं शिकवायला कुणी नव्हतं. मुलं शाळेत गेली की त्यांची पुस्तकं मी वाचायची आणि संध्याकाळी त्यांना शिकवायची. शिकवता शिकवता मलाच यायला लागलं. मग दहावी बाहेरून, बारावी बाहेरून, आणि बीए टपालाने. पोस्टमन दारातून हाक मारायचा, "काकी, तुमची कॉलेज आली!" ती मोठी पाकिटं मी देवासमोर ठेवायची आणि मग फोडायची. मला त्याची लाज नव्हती, अजून नाही.

पोटापाण्याचं काम शिवणाचं. सरकारची एक योजना निघाली, त्यात तुरुंगातल्या बायकांना शिवण शिकवायला मला घेतलं. सासूबाई तेव्हा होत्या. आलेल्या-गेलेल्यांना अगदी गंभीर तोंड करून सांगायच्या, "लोकांच्यो सुनो बँकेत वतात, आमची बंदखणींत वता." आणि मी पुढं त्याच विषयात पीएचडीला नाव घातलं, तेव्हा सगळा वाडा विचारायचा, "काकी, किती वर्षांची झाली?" मी म्हणायची, "पाच. नीट वागले तर चार."

तर तुरुंग. आत कात्री न्यायची नाही. मग कापड मी घरीच बेतून, कापून न्यायची, आणि आत फक्त सुया. त्या सुयाही निघताना तिथल्या बाई मोजून घ्यायच्या. शिवताना हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं. बायका बोलायच्या. गुन्ह्याबद्दल नाही, मीही कधी विचारलं नाही. बोलायच्या त्या चुलीबद्दल. आता माझ्या घरात रांधतं कोण, माझी बरणी कुणी काढली असेल, पोरांना कोण वाढत असेल. पुरुषांच्या बाजूला भेटीच्या दिवशी बाहेर रांग असायची. आया, बायका, बहिणी, उन्हात डबे घेऊन उभ्या. बायकांच्या बाजूला कधी एखादा म्हातारा बाप, कधी कुणीच नाही. मी हे घरी येऊन लिहायची, का ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. समाजशास्त्रात एमए करताना एका प्राध्यापिकेला दाखवलं. माझ्या लेकीच्या वयाची मुलगी. ती म्हणाली, "काकी, हे तुम्ही संशोधन करताय." मी म्हटलं, "अगो बाय, मला वाटलं मी चौकशा करते." तीच माझी मार्गदर्शक. ती मला काकी म्हणते, मी तिला मॅडम म्हणते, आणि कुणी चुकलं की दोघी एकमेकींना रागावतो.

शिवणवर्गात एक बाई होती. मोपाच्या पठाराखालच्या एका गावातली, म्हणजे माझ्या माहेराकडचीच. तिचं नाव, गाव, गुन्हा, यातलं काही मी लिहिणार नाही. काय लिहायचं आणि काय नाही ते आम्ही दोघींनी तिच्या पडवीत बसून ठरवलंय. तिच्या हातची तुरपाई अशी की उलट्या बाजूनेही टाका शोधावा लागे. ती आत असतानाच घरच्यांनी तिच्या लेकीचं लग्न लावलं, मे महिन्यात. एक दिवस तिने सहज विचारलं, "काकी, तुमी डिचोलीत खंय रावतात?" मी वाडा सांगितला. तिची सुई थांबली.

"माझी लेक थंयच दिल्या."

मी त्या लग्नाला जेवून आले होते! आमच्या घरापासून चार घरं सोडून. मग काय, तिने विचारायचं आणि मी सांगायचं. साडी कुठल्या रंगाची. केसांत अबोली होती की जाई. मुलीचा पाय उंबऱ्यावर अडखळला का. पंगतीत काय वाढलं. मी सगळं सांगितलं, खतखतं थोडं पातळ झालं होतं तेही. ती हसली आणि म्हणाली, "मी असते तर झालं नसतं."

जुलैत ती सुटली. श्रावणात मी तिच्या घरी गेले, मॅडमच्या सांगण्यावरून रेकॉर्डर घेऊन, अगदी रीतसर. घरात तिचा माणूस, दीर, जाऊ. वरच्या माळावर नवा विमानतळ झालाय, डोक्यावरून विमान गेलं की बोलणं थांबवावं लागे. ती म्हणाली, "मी आत गेले तेव्हा त्या माळावर गुरां चरत होती. आता बघा, रोज नवीन पावणे." आणि मागच्या दाराने परसवात गेली आणि ताट घेऊन आली. तवसळी होती. काकडीची, गूळ घालून, वाफवलेली, गरम. श्रावणातल्या काकड्यांची तवसळी म्हणजे मी जीव टाकते. आणि तो सोमवार. मी अगदी साधेपणाने, जसं आपण कुणालाही म्हणतो तसं म्हटलं, "अगो, आज माझा उपास."

तिने ताट उचललं. मग म्हणाली, "होय काकी. हांव सुटून आयल्यापासून ह्या गावात सगळ्यांका उपास. देवान सुद्धा इतके उपास सांगूक नाय."

आता मला सांगा, माझा उपास खरा होता! पहाटेपासून पाण्यावर होते. पण ते तिला मी कसं पटवायचं? खरा उपास आणि खोटा उपास, दिसायला दोन्ही सारखेच. त्यानंतर ती "विचारा काय विचारपाचें तें" म्हणून समोर कदेल ओढून बसली आणि प्रत्येक प्रश्नाला "होय" नाहीतर "नाय". त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये तिच्यापेक्षा विमानंच जास्त बोलली आहेत.

परतीच्या बसमध्ये मला एक गोष्ट सुचली आणि मी तुयेच्या वळणावर मोठ्याने "अरे!" म्हणाले. शेजारची बाई दचकली. ती तवसळी परसवातून का आली? स्वयंपाकघर तर समोर होतं.

पुढच्या खेपेला मी मंगळवार निवडला, सकाळपासून मुद्दाम काही खाल्लं नाही, आणि पडवीत पाय ठेवल्या ठेवल्या म्हटलं, "भूक लागली गो. काय आहे?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग मागे गेली. मीही मागोमाग गेले. परसवात तीन दगड मांडले होते, वर एक टोप. तिथं तिची चूल. घरातली भांडी घासायची ती, गोठा तिचा, अंगण तिचं, पण रांधपाच्या कुडीत, म्हणजे स्वयंपाकघरात, जायचं नाही. कुणी "जाऊ नको" म्हटलं नव्हतं. जाऊ फक्त म्हणायची, "रावूं दे, हांव करतां." दर वेळी. इतक्या प्रेमाने की भांडायलाही जागा नाही.

मी उसळ-पाव खाल्ला, परत मागून घेतला, आणि मग ती बोलली. रेकॉर्डरची बॅटरी संपली तरी बोलली. गावात त्याच वर्षी एक बाप्याही सुटून आला होता. तो आला त्या दिवशी त्याच्या बायकोने कोंबडा कापला, शेजारी येऊन पंगतीला बसले. "तो जेवलो, उठलो, ताट थंयच," ती म्हणाली. "आणि मी ताट करून धरलंय काकी, तर जेवूक कोण बसना."

मॅडमना मी हे फोनवर सांगितलं. त्यांनी ते परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "काकी, तुमचा प्रबंध मिळाला." पुढं मला सुटून आलेल्या जेवढ्या बायका भेटल्या, त्या सगळ्यांना मी हे एकच विचारलं. तुमच्या हातचं कोण खातं? वास्कोतली एक हॉटेलात रांधायची, बंदरावरचे कामगार तिच्या हातचं मिटक्या मारत खायचे, आणि तिचा सख्खा भाऊ तिच्याकडे चहा घेत नव्हता. तुयेच्या कारखान्याशेजारी खोली घेऊन राहणारी एक बेळगावकडची म्हणाली, "माझा मुलगा खातो," आणि रडायला लागली, आनंदाने. कायद्याने पुरुषाला आणि बाईला शिक्षा एकच दिलेली असते. पण पुरुषाची दाराशी संपते आणि बाईची घरात येऊन बसते, हे मी त्या प्रश्नावरून दाखवलं. आज वेगवेगळ्या विद्यापीठांतली मुलं मला फोन करतात, "मॅडम, तुमचा प्रश्न आम्ही वापरू का?" मी म्हणते, वापरा, पण जाताना उपाशी जा. सातवी पास बाईचा प्रश्न, कुठे कुठे पोचला! मला अभिमान आहे. लपवू कशाला?

परीक्षकांना मी इथपर्यंत सांगितलं होतं. पुढचं सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा शिवणवर्गातल्या त्या बाईची परवानगी नव्हती. आता आहे.

त्याच वर्षीची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली होती. आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला सुनेच्या कुळाराकडून, म्हणजे माहेरून, वजें येतं. नारळ, केळ्यांचा घड, लाडू, चकल्या आणि मुख्य म्हणजे नेवऱ्या, तुम्ही करंज्या म्हणता त्या. गणपतीला दाखवून झाल्या की सासू त्या वाड्यावर घरोघर वाटते. सुनेचं माहेर कसं आहे ते वाडा त्या नेवऱ्या खाऊन ठरवतो. आणि एकदा ठरवलं की ठरवलं.

ती मला म्हणाली, "नेवऱ्यो माझ्या हातच्यो जावंक जाय."

जाऊ म्हणत होती विकतच्या पाठवू, हल्ली सगळेच पाठवतात. हिच्या हातच्या घरोघरून परत आल्या तर? लेकीला त्या घरात जन्म काढायचा होता. रोज त्याच सासूसमोर, त्याच शेजाऱ्यांसमोर. आणि विकतच्या पाठवल्या तर आईने कबूलच केलं की माझ्या हातचं कुणी खाण्यासारखं नाही, तेही लेकीच्या घरात, पहिल्याच सणाला. ती दोन्हीकडून अडकली होती. माझा हात धरून म्हणाली, "काकी, तुमी तिच्या सासूक एक शब्द सांगात मगो. तुमचो शब्द ती मोडची नाय."

खरंच मोडला नसता. चार घरांवर तर राहते. पण मॅडमना विचारलं तर त्या नाही म्हणाल्या, आणि मलाही आतून नाहीच वाटत होतं. तिला मी सांगितलं, "अगो, मी सांगितलं तर ती माझ्या भिडेने घेईल. ते तुझं कसं व्हायचं?" तिने माझा हात सोडला. मग पदर खोचून म्हणाली, "बरें. पीठ किती लागतलें ते तरी सांगात."

तिने त्या परसवातल्या तीन दगडांवरच तळल्या. मी नव्हते तिथं, तिने मागून सांगितलं. तिचा माणूस इतके दिवस तोंडातून शब्द काढत नव्हता. तो आपण होऊन मागे आला, विळी घेऊन बसला आणि नारळ किसायला लागला. जाऊ दारातून बघत होती म्हणे. तिने दिव्याची वायर लांब करून बाहेर आणून दिली.

वजें रिक्षाने आलं ते सगळ्या वाड्याने पाहिलं. समोरची म्हणाली, "विकत हाडलेलें आसतलें." चवथीच्या दिवशी काही आलं नाही. येतही नाही, त्या दिवशी सगळे आपापल्या गणपतीत. पण माझं लक्ष कुठे आरतीत? जनेलाच्या गजांपाशी सारखी जाऊन उभी राहायची. यजमान म्हणाले, "तुझं संशोधन आता जनेलातून चाललंय का?" मी म्हटलं, "तुम्ही टाळ वाजवा."

दुसऱ्या दिवशी पंचमी. दुपारी त्यांचं दार उघडलं. लेकीची सासू पुढं, हातात काही नाही, पदर डोक्यावर घट्ट. मागे ती पोर, हातात मोठं तबक, वर क्रोशाचा रुमाल. ही सासू आमच्या वाड्यावरची तिखट जिभेची. दुकानदारसुद्धा तिला बघून काटा पुसून घेतो. पहिलं घर. आत गेल्या, बाहेर आल्या. दुसरं घर. कोपऱ्यावरच्या घराशी थांबल्या जास्त वेळ. सासूचा आवाज चढला, मला शब्द ऐकू येईनात. मग त्या तिथून निघाल्या त्या सरळ माझ्याकडे.

"वयनी," सासू चढत चढतच म्हणाली, "त्या कोनशावरलीन कितें सांगलें आयकलें? म्हणता, आज म्हजो उपास! हांवें म्हटलें, बाये, तुवें जन्मांत एक उपास केलो ना, आयजूच कसो आयलो? घे, न्हय जाल्यार म्हज्या घरा हळदीकुंकवाक येवं नाका. घेतली. दोन घेतल्यो!"

पोर मागे उभी. तबक तिने छातीशी घट्ट धरलं होतं. तिला ठाऊक नव्हतं की मी तिच्या आईला ओळखते. रुमाल बाजूला झाला आणि मी नेवऱ्या पाहिल्या. कडेची मुरड! इतकी बारीक, इतकी सारखी, की माझ्या शिवणवर्गातली तुरपाईच. विकतची कसली.

आणि माझा उपास होता. ऋषिपंचमी मी लग्न झाल्यापासून धरते, बैलाच्या कष्टाचं खात नाही त्या दिवशी. घरात शिजलेली पालेभाजी होती माझ्यासाठी वेगळी. यजमान मागून म्हणालेच, "अगं, तुझी आज..." मी त्यांच्याकडे बघितलं. ते खोकले.

मी नेवरी उचलली आणि तिथंच, दारात उभी राहून, दोघींच्या समोर खाल्ली. पूर्ण. सासूने डोळे बारीक केले. "वयनी, तुमची पंचम न्हय?"

"आहे," मी म्हटलं. "देव समजून घेईल. बरी झालीय."

मॅडम म्हणाल्या होत्या, शब्द घालू नका. खाऊ नका असं कुठे म्हणाल्या होत्या?

सासूने मग स्वतः एक उचलली, मोडून अर्धी तोंडात टाकली, चावली, आणि तोंड वाकडं केलं. पोरीचा चेहरा पांढरा पडला. माझाही पडला असावा.

"खुसखुशीत आसा," ती सुनेला म्हणाली, "पूण तुज्या आवयक सांग, गोड उणें जालां. फुडल्या वर्सा गूळ चड घालपाक सांग."

मी दाराला धरून उभी राहिले, नाहीतर त्या बाईला मिठी मारली असती. कुठली विहीण विहिणीच्या वजात खोट काढत नाही? माझ्या आईच्या वजातल्या नारळाला माझ्या सासूने खवट म्हटलं होतं, ते मरेपर्यंत ऐकवलं. हेच तर घरोघर होतं. चोरट्यासारखं गुपचूप घेणं नाही, दया दाखवणं नाही. खोट काढली, नाव आईचं घेतलं, आणि वर पुढल्या वर्षाची ऑर्डर! त्या पोरीला काय कळलं कुणास ठाऊक, तिने तबक छातीपासून जरा सैल केलं. रुमाल पुन्हा नीट घातला आणि सासूच्या मागून पुढच्या घराकडे गेली, या वेळी जरा ताठ चालत.

फोन मी केला नाही. मी करायचा नव्हता, तो मान लेकीचा. संध्याकाळी तिचाच मला आला, आईचा. वर विमान होतं बहुतेक, कारण ती ओरडून बोलत होती.

"काकी! आयकलात? गोड उणें म्हणता ती!"

"ऐकलं गो. माझ्यासमोरच म्हणाली."

"उणें! अगो, तिच्या घोवाक डायबेटीस म्हणून हांवें मुद्दाम गूळ कमी घातलो! बरें करूक गेलें, तर वयर नाव ठेवता! बघतां हांव, फुडल्या वर्सा असो गूळ घालतां..."

ती बोलत राहिली, रागारागाने, न थांबता, जशी कुठलीही विहीण विहिणीबद्दल बोलते. मी रेकॉर्डर काढला नाही. कानाला फोन लावून ऐकत राहिले आणि माझी थंड झालेली पालेभाजी खाल्ली.